लांबून वाचलेला फलक

“बघ, आणखी लावली!” योर्दान गॅलरीतून ओरडला. “काल रात्रीपर्यंत कोपरा मोकळा होता, आता तोही भरला. मी म्हणत होतो ना दोब्रिना, सगळं पालथ्या घड्यावर पाणी!”

दोब्रिनाने नुकताच येशूमाईच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, तसबिरीपुढचा दिवा लावला होता. तिने वात सारखी केली, तीन बोटं जुळवून क्रूसाची खूण केली आणि मगच गॅलरीत आली. रोजचा नेम अर्धवट टाकून उठायची तिला सवय नव्हती, मग बाहेर आभाळ का कोसळेना.

समोर, रस्त्यापलीकडे, बसथांब्याचा फलक होता. त्यावर काळ्या चौकटीची शोकपत्रकं दाटीवाटीने चिकटवलेली. घरात माणूस गेला की फोटो, नाव आणि दोन ओळी छापून आणायच्या आणि घराच्या दारावर, बसथांब्यावर, औषधाच्या दुकानाशेजारी, चर्चच्या फाटकावर डकवायच्या, ही इथली रीत. बल्गेरियातल्या कुठल्याही गावात बातमी अशीच कळते. योर्दान तर म्हणायचा, टीव्ही खोटं बोलेल, भिंत बोलणार नाही.

टीव्हीवर रोज संध्याकाळी राजधानीतला, सोफियाचा, एक डॉक्टर यायचा. इटली, ऑस्ट्रिया, चेक, सगळ्या देशांत साथ किती पसरली त्याच्या रेघा दाखवायचा. रेघ वर गेली, लोक एकमेकांपासून लांब राहिले, रेघ खाली वाकली. “आपलीही वाकतेय,” तो म्हणायचा. “धीर सोडू नका.”

“रेघ काय, मीसुद्धा काढतो,” योर्दान म्हणायचा. “हा बघ माझा आलेख,” आणि गॅलरीतून फलकाकडे बोट दाखवायचा.

तसा तो नियम मोडणारा नव्हता. उलट नोव्हेंबरच्या अखेरीस सगळं बंद झालं तेव्हा सगळ्यांत आधी त्यानेच कडी लावली होती. कारण आतल्या खोलीत त्याची आई होती, म्हातारी स्तोयना. नव्वदीला टेकलेली, छातीची कायमची दुखणेकरी. खोकायला लागली की घरातल्या काचा थरथरायच्या. हा आजार तिच्या छातीत शिरला तर काय होईल, ते डॉक्टरने सांगायची गरजच नव्हती. म्हणून अग्निशामक दलात जन्म काढलेला, चार माणसांत बसल्याशिवाय घास न गिळणारा योर्दान पत्त्यांचा डाव विसरला, धाकट्या भावाचं, मिन्कोचं, घर विसरला. नाताळला तिघंच जेवली.

पण आता सहा जानेवारी तोंडावर आली होती. येशूला योर्दान नदीत बाप्तिस्मा मिळाला तो सण, म्हणून योर्दान नावाच्या सगळ्यांचा नामदिवस. नामदिवसाला कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला आठवण येते तो येतो, आणि योर्दानच्या घराची आठवण अख्ख्या गल्लीला यायची. बुटांचा ढीग जिन्यापर्यंत जायचा.

“मी मिन्कोला सांगून टाकलंय,” तो आत येत म्हणाला. “दार उघडं असणार. दरवर्षीसारखं.”

दोब्रिनाच्या हातातली काडेपेटी खाली पडली.

“आणि आई?”

“आईच्या खोलीचं दार लावून घेऊ.”

“आणि मोरीत कुठून जाणार ती? खिडकीतून?”

“मी ऐकतेय हं!” आतून स्तोयना म्हणाली. “फुप्फुसं गेलीत, कान नाही गेले!”

योर्दानचा आवाज खाली आला, पण हट्ट गेला नाही. “हे बघ दोब्रिना. लांब राहून माणसं वाचत असती ना, तर मी वर्षभर गॅलरीत झोपलो असतो. पण नाहीच वाचत. महिना झाला सगळे कोंबड्यांसारखे खुराड्यात आहेत, आणि फलक बघ! वाढतोच आहे. मरायचंच असेल तर माणूस माणसांत बसून मरू दे. निदान पोटभर हसून.”

दोब्रिनाने गॅलरीकडे पाहिलं. नवरा उगाच भांडत असता तर तिने त्याला गप्प केलं असतं, पण फलक तिलाही दिसत होता. देवा, तिने मनात विचारलं, इतके दिवस आम्ही एकमेकांना तोडून राहिलो, त्याचं काहीच नाही का रे?

बानित्साला, सणाच्या त्या पापुद्र्यांच्या भाजलेल्या पोळीला, चीज नव्हतं. नामदिवस होवो न होवो, बानित्सा व्हायचीच, म्हणून ती मास्क चढवून बाहेर पडली. हवा अशी बोचरी की श्वास टाकताच चष्म्यावर वाफ धरली. महिनाभर हे असंच चाललं होतं, सगळं जग वाफेतून बघायचं. थांब्यावर नेहमी कुणी ना कुणी उभं असे, म्हणून ती पलीकडच्या फुटपाथवरूनच फलकाकडे बघून क्रूसाची खूण करायची आणि पुढे निघायची. रात्री दिव्यापुढे गेलेल्यांसाठी प्रार्थना करताना मात्र तिला चुटपुट लागे. नावंच माहीत नसत. नुसतं ‘त्या सगळ्यांना’ म्हणायचं, म्हणजे पाहुण्याला ‘अहो, तुम्ही’ म्हणून जेवायला वाढण्यासारखं.

आज थांबा रिकामा होता.

तिने रस्ता ओलांडला. निदान नावं तरी घेऊ या, म्हणून ती फलकाला अगदी नाक लागेल इतकी जवळ गेली, चष्मा काढून स्कार्फच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर ठेवला.

पहिलाच चेहरा ओळखीचा निघाला. कामेन. योर्दानचा अग्निशामक दलातला सोबती, मिशा ओठांवर लोंबणारा.

“कामेन?” ती पुटपुटली. “पण कामेन तर कधीच गेला. आम्हाला मातीलासुद्धा जाता आलं नाही. मग हा आज परत कसा...”

तिने फोटोच्या वरची ओळ वाचली. नेहमी तिथे छापलेलं असतं, दुःखद वार्ता. इथे तसं नव्हतं. इथे होतं, स्मरण. आणि त्याखाली, चाळीस दिवस झाले.

तिने शेजारचं पत्रक वाचलं. स्मरण, चाळीस दिवस. त्याखालचं. चाळीस दिवस. बाजूचं, ज्याची खळ अजून ओली होती तेही. चाळीस! ही मरणाची पत्रकंच नव्हती. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी गोड गहू शिजवून वाटायचे आणि पुन्हा एकदा पत्रक लावायचं. तीच काळी चौकट, तोच फोटो, तेच नाव. ही सगळी माणसं नोव्हेंबरात गेलेली होती, दारं बंद होण्याआधी रोग लागलेली. महिनाभर फलक भरत होता तो आधी खऱ्या मरणांनी, आणि आता त्यांच्याच आठवणींनी.

एरवी ही चूक गावात कुणी केली नसती. एरवी फलकापुढे घोळका असायचा. लोक बोट ठेवून वाचायचे, हा कोण, अमकीचा मेहुणा ना, अरेरे, मागच्या आठवड्यात तर टोमॅटो घेताना दिसला होता. पण आता घोळका करायचा नव्हता. प्रत्येक जण लांबून, वाफेच्या काचेतून, काळ्या चौकटी बघत होता आणि काळीज घट्ट करून पुढे जात होता. लांब राहिल्याने माणसं वाचली होती, आणि लांब राहिल्यानेच ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं!

दोब्रिना हसली. अगदी मोठ्याने. जन्मात कधी रस्त्यावर हसली नव्हती, ती बाई शोकपत्रकांसमोर उभी राहून हसत होती आणि मास्कच्या आत अश्रू ओघळत होते.

“दोब्रिना! डोकं फिरलं काय गं?” पिशवी घेऊन येणारी शेजारीण पेना जागीच थबकली. “मेलेल्यांना हसतेस?”

“पेना! लवकर ये इकडे! नको, नको, जवळ नको येऊस! तिथूनच ऐक! ही चाळिसाव्याची आहेत!”

“कसली?”

“पत्रकं! नवी नाहीत ती! हा कामेन बघ, हा गेला तेव्हा तू माझ्याकडे रडली होतीस ना?”

पेनाने डोळे बारीक केले, दोन पावलं पुढे आली, एक मागे गेली. “येशूमाये,” ती म्हणाली. “आणि मी त्या मधल्या बाईसाठी परवा दुसऱ्यांदा मेणबत्ती लावली की गं!”

“लावलीस ते बरंच केलंस. चल, औषधाच्या दुकानाकडचा फलक बघू!”

मग त्या दोघी, साठी उलटलेल्या, निसरड्या फुटपाथांवरून अशा निघाल्या की पाहणाऱ्याला वाटावं कुठे आग लागलीय. एक या बाजूने, एक त्या बाजूने. औषधाच्या दुकानाचा फलक दोब्रिनाने वाचला, भिंतीवरची पत्रकं पेनाने.

“चाळीस!” दोब्रिना रस्त्यापलीकडून ओरडली.

“इथेही चाळीस! आणि हे पत्रक वर्षाच्या स्मरणाचं, ही तर आमची शिंपीण!”

“चाळीस! हाही चाळीस!”

“अगं, हा बँकेतला टकला! हा तर मला मेलेला हवाच... नको, नको, देव त्याला स्वर्ग देवो! चाळीस!”

चर्चच्या फाटकावर पेना एकदम गप्प झाली.

“काय गं?”

“ही नवी आहे,” पेना हळू आवाजात म्हणाली. “कालचीच.”

दोघींनी क्रूसाची खूण केली. दोब्रिनाने ते नाव दोनदा म्हणून पाठ केलं. त्या घरात आज काय चाललं असेल, ते तिला कळत होतं. पण डिसेंबरच्या सुरुवातीला, संत निकोलसच्या सणाला, याच फाटकावर नव्या पत्रकांवर नवी पत्रकं चिकटत होती, खालचा चेहरा दिसायच्या आत वरचा लागत होता, हेही तिला आठवत होतं. आज एवढ्या भिंतीत एकच नवं. रेघ वाकली होती. सोफियाचा डॉक्टर खरं बोलत होता, आणि भिंतही खरंच बोलत होती.

ती चीज न घेताच घरी धावली.

“योर्दान! खाली चल! ऊठ!”

“काय झालं? आग?”

“आग विझली! चल तू!”

तो घरातल्या सपातांवरच रस्ता ओलांडून गेला. दोब्रिना गॅलरीतून बघत होती. त्याने एक पत्रक वाचलं, दुसरं वाचलं, मग कामेनसमोर बराच वेळ उभा राहिला. टोपी काढली. परत आला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं, ते थंडीने की कशाने ते तिने विचारलं नाही. पण दारातून आत पाऊल टाकताच त्याने तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

“लागू पडलं, दोब्रिना! आपण जिंकलो! उगाच नाही बसलो खुराड्यात!”

“म्हणजे देवाने ऐकलं!”

“ऐकलं! सुटलो! आता मिन्कोला सांगतो, सगळ्यांना घेऊन ये! टेबल मोठं कर, पेनाच्या खुर्च्या आण!”

दोब्रिना मटकन खुर्चीवर बसली. म्हणजे उपाय चालत नाही म्हणून दार उघडायचं होतं, आणि आता उपाय चालतो म्हणूनही दार उघडायचंच होतं. हा माणूस कुठल्याही रस्त्याने निघाला तरी दाराच्या कडीपाशीच पोचत होता!

ती कधी आवाज चढवत नसे. आताही चढवला नाही. “योर्दान, घरात ऊब आहे ना?”

“आहे की.”

“कशामुळे?”

“शेगडी आहे, खिडक्या लावल्यात...”

“मग आता ऊब आली म्हणून खिडक्या उघडतोस का? जानेवारीत?”

योर्दानने लावलेल्या खिडकीकडे पाहिलं.

“व्रत घेतलं, त्याचं फळ दिसलं,” ती तशाच मऊ आवाजात म्हणाली. “फळ दिसल्या दिवशीच उतायचं, मातायचं, घेतला वसा टाकून द्यायचा? ती नोव्हेंबरात गेलेली माणसं त्याआधी कुणाच्या तरी नामदिवसालाच गेली होती की.”

आतून खोकल्याची उबळ आली. लांबलचक. ती थांबल्यावर स्तोयना म्हणाली, “योर्दान, मला आणखी एक ईस्टर बघायचाय रे. लाल अंड्यावर लाल अंडं आपटून फोडायचंय तुझ्याशी. मग तुला काय घालायचा तो गोंधळ घाल.”

योर्दान आपल्या खोलीत गेला आणि रुसलेल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी, पाच तारखेच्या कडक उपवासाला, तो कुठेसा जाऊन आला आणि मिशीत हसत एक कागद दोब्रिनासमोर धरला. काळी चौकट. मध्ये त्याचा अग्निशामक दलाच्या टोपीतला फोटो. खाली छापलेलं होतं:

“दुःखद वार्ता. सर्व आप्तेष्टांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमचा लाडका नामदिवस यंदा अल्पशा आजाराने निवर्तला. कुणी भेटीस येऊ नये. दुखवटा आपापल्या घरी, भरल्या ग्लासाने पाळावा. शोकाकुल, योर्दान.”

“अरे देवा!” दोब्रिनाने तीनदा क्रूसाची खूण केली. “उपवासाच्या दिवशी! जिवंत माणसाचा फोटो काळ्या चौकटीत!”

“छापणाऱ्याकडे दुसरी चौकटच नाही, मी काय करू? लोक वाचतील, हसतील आणि घरी बसतील. लावून आलो सगळीकडे!”

सहा तारखेच्या सकाळी दोब्रिना मागाहून आणलेल्या चीजची बानित्सा भट्टीत सरकवत होती तेव्हा फोन वाजला. योर्दानचा जुना अधिकारी.

“देव तुला बळ देवो, दोब्रिना.”

“तुम्हालाही,” ती म्हणाली. सणाच्या शुभेच्छा असतील.

“असा उमदा माणूस. कधी नेताय?”

“कुणाला?”

पलीकडून नुसता हुंदका आला आणि फोन बंद झाला. लगेच दुसरा वाजला. मग तिसरा. मग जिन्यात धाडधाड पावलं आणि दारावर मुठी.

“वहिनी! वहिनी, दार उघड! मला बघू दे माझ्या दादाला!”

मिन्को होता. योर्दान अर्ध्या गालाला साबण फासलेला तसाच न्हाणीघरातून आला.

“कोण गेलं?”

दारापलीकडे सगळं थांबलं. रडणं, मुठी, श्वाससुद्धा.

“...दादा?”

“हो.”

“तू मेलास ना?”

“अजून नाही, दाढी करतोय. गाढवा, पत्रक वाचलं नाहीस?”

“रडताना वाचता येतं होय!” मिन्को ओरडला. “पलीकडच्या फुटपाथवरून तुझं थोबाड दिसलं काळ्या चौकटीत! मी तिथेच खाली बसलो! सगळी गल्ली खाली उभी आहे, दादा! फुलं घेऊन!” आणि तो हसतोय की रडतोय हे दाराच्या अलीकडून कळेना. “दार उघड. एकदाच. तुला नुसता हात लावून बघू दे.”

योर्दानचा हात कडीवर गेला.

दोब्रिना जागची हलली नाही. तिला ठाऊक होतं, आता बोलून उपयोग नाही. तो सख्खा भाऊ, हा नुकताच मेलेला आणि परत आलेला. अशा वेळी कोण कुणाला अडवणार? तिने फक्त ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतलं. कडी खळ्ळकन वाजली. योर्दानच्या गालावरचा साबण हनुवटीवरून जमिनीवर टपकला. आतल्या खोलीत म्हातारी एकदा, अगदी हलकेच, खोकली.

योर्दानने कडी सोडली. ओला तळवा दाराच्या लाकडावर सपाट ठेवला.

“मिन्को, हात लाव इथे. कडीच्या वरच्या बाजूला.”

“लावला.”

“माझाही तिथेच आहे. कळतोय?”

“...कळतोय.”

“आता खाली उतर. मी गॅलरीत येतो. आणि नाक पूस, माझा नामदिवस आहे!”

योर्दान गॅलरीत आला तेव्हा खाली अंगणात काळ्या कोटांतली माणसं एकमेकांपासून लांब लांब उभी होती. त्याला बघताच एक बाई किंचाळली. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच. पेना तर कुंपणाला धरून उभी होती, “मेल्या, उद्या खरंच मरशील तेव्हा कुणी येणार नाही बघ!” असं ओरडत. मिन्कोने खिशातली राकियाची, फळांच्या दारूची, बाटली काढली आणि सवयीने गेलेल्यासाठी दोन थेंब जमिनीवर सांडायला वाकला.

“ओतू नकोस!” योर्दान गरजला. “पी!”

आतल्या खोलीची खिडकी थोडी किलकिली झाली. रजईत गुंडाळलेली स्तोयना काचेआडून खाली बघत होती. “काय रे, एवढी गर्दी कुणाच्या मातीला?”

“माझ्या, आई!”

“बरं. जेवून जा म्हणावं. आपापल्या घरी.”

तेवढ्यात अंगणात गोंधळ उडाला. कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की सगळ्यांच्या हातांत कार्नेशनची फुलं सम आहेत, दोन, चार, सहा, जशी मेलेल्याला नेतात तशी. जिवंत माणसाला सम फुलं? नामदिवसाला? थू थू थू! आणि वरून दोब्रिनाने बघितलं, सगळी माणसं एकदम घाईघाईने आपापल्या गुच्छातलं एकेक फूल उपसून कुंपणाच्या जाळीत खोचत होती, आणि उरलेली विषम फुलं उंच धरून ओरडत होती, “दीर्घायुषी हो, योर्दान! दीर्घायुषी हो!”